कुणी ऱ्हायलंय का आत?

पोहण्याच्या तलावावर कव्हर ओढण्याआधी मानेअण्णा स्टीलच्या शिडीवर बोटाच्या पेरानं तीनदा टकटक करायचे. मग वाकून पाण्याला विचारायचे, "कुणी ऱ्हायलंय का आत? निघा भायेर, झाकतोय." आणि मिनिटभर कान देऊन थांबायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फिसकन हसलो. पण अण्णा काही हसले नाहीत, आणि त्या निश्चल पाण्याकडे बघता बघता माझंही हसू विरलं.

अण्णा जतकडचे. जन्म टँकरची वाट बघण्यात गेला आणि नोकरी लागली कतारमध्ये तलाव सांभाळण्याची! त्यांच्या गावात जुनी विहीर बुजवताना असं विचारायची रीत होती म्हणे. मी त्यांचा सुपरवायझर. वय त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी कमी, तोरा मात्र दुप्पट.

इथली थंडी ती केवढी, पण डिसेंबरात पाणी गारठतं आणि व्हिलावाले तलाव बंद करून घेतात. अण्णा आधी पाण्याची आम्लता तपासत, मग क्लोरीन घालत. उन्हाळ्यात क्लोरीनच्या वड्या आणि बंद करताना क्लोरीनची पावडर. वड्यांना निळा प्लास्टिकचा मग, पावडरीला लाल. "ह्या दोघी सवती हायत, साहेब. एका भांड्यात आल्या की भडका. मग धुतला म्हणून बी अदलाबदल करायची न्हाई."

एकदा झाकलेल्या तलावाचं क्लोरीन एका रात्रीत उतरलं. तपासणीच्या नळीत थेंब टाकले तर गडद पिवळ्याऐवजी फिकट पाणी. मी म्हटलं, "घाला आणखी थोडं."

"घालून काय? खाणारा कोण त्ये बगा की. झाकलेल्या पाण्याला ऊन न्हाई, माणूस न्हाई. पिवळा उतरला म्हंजे आत कुणीतरी हाय. पाणी खोटं बोलत न्हाई."

ते इतक्या शांतपणे म्हणाले की माझ्या अंगावर काटा आला. तासभर शोधून त्यांनी गाळणीच्या कोपऱ्यातून मेलेला पारवा काढला, बागेत पुरला आणि हात जोडले.

गेल्या हिवाळ्यात उम्म सलालच्या एका व्हिलात मालक बॅगा घेऊन उभे, विमानाची घाई, आणि अण्णांची आपली टकटक सुरू. माझा पारा चढला. सगळ्यांदेखत ओरडलो, "अण्णा, बास झालं हे खूळ! ओढा कव्हर. खलास!" अण्णांनी मुकाट्यानं कव्हर ओढलं. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "विचारायला काय लागतं, साहेब? एक मिनिट."

आठवड्यानं ते सुट्टीवर गेले. आले की माफी मागू, असं मी मनाशी ठरवलं होतं. ते आलेच नाहीत. सकाळचा चहा घेता घेता गेले, असा त्यांच्या मुलीचा फोन आला. माफी राहूनच गेली.

या डिसेंबरात माणसं कमी, म्हणून त्याच व्हिलात मी एकटाच गेलो. घर बंद, भर दुपार, पान हलत नव्हतं. पावडरीचा डबा उघडला, हातातला मग त्यात बुडवणार, तेवढ्यात मागे शिडीवर आवाज झाला.

टक. टक. टक.

गर्रकन वळलो. शिडीवर कुणी नाही. पाण्यावर साधा तरंग नाही. उन्हानं धातू तडतडतो हे मला कळतं. इंजिनियर आहे मी. पण मोजून तीनदा? हाताकडे लक्ष गेलं आणि घाम फुटला. हातात निळा मग होता. तळाशी विरघळलेल्या वडीचा ओला, पांढरा लगदा. तो पावडरीत गेला असता तर डबा माझ्या तोंडावरच भडकला असता. मी तो मग लांब ठेवला आणि तिथेच फरशीवर फतकल मारून बसलो.

सावरल्यावर लाल मग शोधला, पावडर पाण्यात मिसळली, पंप फिरू दिला, नळीत गडद पिवळा रंग आलेला पाहिला. कव्हर ओढायची वेळ आली तेव्हा शिडीवर तीनदा वाजवलं. पाण्याकडे वाकलो. "अण्णा, त्या दिवशी चुकलं माझं. ऐकताय ना? आत असाल तर... निघा बाहेर. झाकतोय." एक मिनिट नाही, चांगला पाव तास थांबलो. मग कव्हर ओढलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा उम्म सलाल गाठलं. नळी भरली, थेंब टाकले आणि डोळे मिटून घेतले. रंग थोडा तरी उतरलेला असू दे, एवढंच मनात होतं. असलं मागणं या धंद्यात कुणी केलं नसेल.

डोळे उघडले. कालच्याइतकाच गडद पिवळा. कणभरही उतरला नव्हता.

कुठून बुद्धी झाली आणि मी त्यांना 'निघा' म्हणालो!