चावडीच्या दगडातला एकजण

माझी आई दोंडाईच्याला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची. सकाळच्या पॅसेंजरने नरडाण्याहून निघायचं, संध्याकाळी परत. पथारी म्हणजे मैदानभर पसरून वाळत घातलेली लाल मिरची. दिवसभर तिच्यात बसून आईच्या हातांची अशी आग व्हायची, की घरी आल्यावर भाकरीचं पीठ नाना मळायचे. नाना म्हणजे माझे वडील. ते जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आम्हा दोघी बहिणींच्या तोंडावरून आई कधी हात फिरवायची नाही... आमच्या डोळ्यांत तिखट जाईल म्हणून.

अशा घरातून मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि हे कुणी विचारलं नाही तरी सांगते. आता जळगावला मेहरूणमध्ये राहते, एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते. कंपनीत रोज सॅम्पल तपासते. जे मोजता येत नाही त्यावर सही करत नाही. अंगात येणं, झपाटणं वगैरे ऐकलं की मला हसूच यायचं. तेव्हा पुढचं जे लिहिते आहे ते माझ्याच जातकुळीतला वाचक मनात धरून लिहिते आहे. खुशाल शंका घ्या.

आमचं गाव नरडाण्यापासून आत, रिक्षाने वीसेक मिनिटांवर. गावात जुनी चावडी होती आणि तिच्या भिंतीत एक पांढरा दगड बसवलेला होता. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी असे दगड कितीतरी गावांत बसवले. आमच्या दगडावर एवढंच कोरलं होतं की या गावातून अकरा माणसं लढाईवर गेली, त्यातल्या एकाने प्राण दिला. नाव एकाचंही नाही. मुलं त्याला सायकली टेकवायची, पत्ते खेळणारे पाठ टेकवायचे, आणि झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी त्याच्यावर चुन्याचा हात फिरायचा. मी लहानपणापासून तो दगड पाहत आले. तो वाचावा असं कुणाला वाटलं नाही.

आमच्या घराचा मात्र त्या दगडाशी एक विचित्र संबंध होता.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पुरुषमाणसं पत्ते कुटतात. आणि गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात. घागरीवर आंबा, खरबूज ठेवायचं, विस्तवावर घास टाकायचा, त्या माणसाचं नाव घ्यायचं. मग कुणाला तरी त्याचा ‘पितर’ म्हणून पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं.

आमच्या घरी दोन घागरी असायच्या. एक आजोबांची. दुसरी... बिननावाची. ती नानांच्या आजीने, म्हणजे माझ्या पणजीने सुरू केली. कुणाची म्हणून विचारलं तर ती चावडीकडे बोट करायची आणि म्हणायची, “तो दगडमाना.” दगडातला तो. त्यापुढे एक शब्द नाही. पणजी गेली, आजी गेली, घागर चालू राहिली. एका वर्षी घरात आंबा एकच आला होता, तोही आईने त्या दुसऱ्या घागरीवर ठेवला. मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

आजोबांच्या घागरीसाठी शेजारचे भिका आबा पितर म्हणून जेवायला बसायचे. दुसऱ्या घागरीसाठी गावातलं कुणी बसायचं नाही. कोण कुठला मेलेला, त्याचा पाट कशाला घ्या! म्हणून नाना त्या दिवशी चावडीजवळ जाऊन उभे राहायचे आणि गावात आलेला कुणीही परका माणूस धरून आणायचे. एका वर्षी बांगडीवाला, एकदा तर एस.टी.चा कंडक्टर.

भिका आबा दरवर्षी हात धुता धुता टोमणा मारायचेच. “काय रे नामदेव, बठ्ठा गावना पितर तुन्हाच घर जेवाले येतस का?”

बठ्ठा म्हणजे सगळा. “येऊ दे ना, आबा,” नाना म्हणायचे. “तुन्हा घर जित्ता मानूस येत नही, मन्हा घर मरेल बी येतस.”

आता दोन वर्षांपूर्वीची आखाजी. जुनी चावडी पाडून ग्रामपंचायतीचं नवं ऑफिस होणार होतं. सरपंचताईंनी दगडाचा विषय मीटिंगमध्ये काढला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नुसता आकडा कशाला मिरवायचा? जो मेला त्याचं नाव कुणी खात्रीने सांगितलं तर नाव कोरून दगड दर्शनी भागात बसवू. नाहीतर ठेवू गोडाऊनमध्ये.

नानांना हे फार लागलं. मी माहेरी पोचले तेव्हा चहा घेता घेता म्हणाले, “बेटा, तू शिकेल शे. एक सांग. नाव घेतल्याशिवाय पाणी पोचत नाही म्हणतात. मग माझ्या आजीपासून आपण दिलेलं एवढं पाणी गेलं कुठे?”

मी काय सांगणार? पाण्याची वाफ होते, नाना? मी कपबशा उचलून आत नेल्या.

दगड भिंतीतून काढायला धुळ्याहून रफिकभाई आले होते. फरशी बसवणं, संगमरवरावर नावं कोरणं हे त्यांचं काम. गावचे मजूर सणाला घरी, म्हणून ते एकटेच छिन्नी घेऊन दगडाच्या कडा मोकळ्या करत बसले होते. दुपारी नानांनी त्यांनाच हात जोडले. सगळं खरं सांगितलं — कसली घागर, कसला पाट, गावातलं कुणी का बसत नाही.

रफिकभाई हसले. “नानाजी, जेवायला बोलावताय ना? मग इतकं का घाबरून सांगताय? चला.”

ओसरीवर दोन पाट मांडले. एकावर भिका आबा, एकावर रफिकभाई. आईने आमरस, मांडे, सांजोऱ्या, कुरडया वाढल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन समोरच उभी होते. नानांनी दुसऱ्या घागरीसमोर घास टाकला, नेहमीसारखं म्हणाले, “ज्याचा असेल त्याला पोचो.”

रफिकभाईंनी पहिला घास उचलला आणि हात तसाच थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं. डोळे फिरले नाहीत, आवाज बदलला नाही, असलं सिनेमातलं काहीही नाही. घरातलं वडीलधारं माणूस जसं सहज विचारतं तसं विचारलं:

“सारजा उनी का? तिन्हासाठे झोका बांधा का?”

सारजा आली का, तिच्यासाठी झोका बांधला का... शुद्ध अहिराणीत! आणि हा माणूस सकाळपासून आमच्याशी मराठी-हिंदी बोलत होता.

मी दचकायच्या आधीच आईने उत्तर दिलं. चुलीपुढून, वरसुद्धा न बघता. “ई ऱ्हायनी, बाबा. बांधतस आते.” येतेच आहे, आता बांधतो.

रफिकभाईंनी मान हलवली आणि जेवायला लागले. जरा वेळाने मीठ मागितलं. दोनदा रस घेतला.

भिका आबांचा घास तोंडातच राहिला होता. जेवणं झाल्यावर मी रफिकभाईंना गाठलं. “भाई, तुम्ही सारजा कुणाला म्हणालात?”

“कोण सारजा? मी तर नमक मागितलं.”

“त्याच्या आधी. अहिराणीत.”

“ताई, अहिराणी मला समजते, पण बोलायला गेलो की घरात बायको हसते.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा गंभीर झाले. “का? काही चुकीचं बोललो का मी?”

काही चुकीचं नव्हतं. एवढंच की आमच्या घराण्यात सारजा नावाची कुणी नाही. गावात विचारलं, तिथेही कुणाला आठवेना.

मी आईला विचारलं, “तू उत्तर कसं दिलंस गं?”

“घरच्या माणसाने विचारलं तर काय गप्प बसू?” आई म्हणाली. आपण कुणाला उत्तर दिलं ते थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, आणि ती दारापर्यंत जाऊन बाहेर बघून आली.

जळगावला परत येताना गाडीत मी स्वतःला समजावलं. सारजा हे जुन्या बायकांचं नाव, कुठेही ऐकलेलं असू शकतं. आखाजीला झोके तर सगळीकडेच असतात. भाईंना उन्हाने भोवळ आली असेल. नवऱ्याने तर ‘कोइन्सिडन्स’ म्हणून विषय मिटवला. पण नानांचा रोज फोन. “काही समजलं का?” त्यांना ते नाव म्हणजे दोरीचं टोक सापडल्यासारखं झालं होतं.

झोका बांधतात लेकीसाठी, म्हणजे सारजा त्या दगडातल्याची लेक असणार, एवढं धरून मग मी लॅबवाल्या पद्धतीने गेले. खान्देशी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मेसेज टाकला: आमच्या गावची, वडील पहिल्या महायुद्धात गेलेले, सारजा नावाची मुलगी कुणाच्या घरात दिली होती का? झोक्याबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही. मुद्दाम. कुणी फेकाफेक केली तर कळावं म्हणून.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा चाळीसगावजवळच्या एका खेड्यातून एका मुलीचा मेसेज आला. तिच्या आजीशी बोला म्हणाली. आजीचं नाव यमुनाक्का, वय ऐंशीच्या पुढे. मी फोन लावला.

“कोन शे? बँकवाली व्हई ते फोन ठेव. मन्हा खातामा काही नही.”

“बँकवाली नाही, अक्का.” मी गावाचं नाव सांगितलं, मग सारजा म्हटलं.

अक्कांनी मला ते नाव परत म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, “सारजा मन्ही माय.”

त्यांनी सांगितलं ते असं. सारजाची आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली. सारजाच्या बापाचं नाव राघो नथू. लेक चालायला-बोलायला लागल्यावर तो तिला शेजारच्या घरात ठेवून फौजेत गेला आणि परत आला नाही. मग मामाने सारजाला चाळीसगावकडे नेलं, तिथेच तिचं लग्न झालं. भाऊ नाही, बाप नाही, गावात कुणी उरलं नाही. माहेर असं नव्हतंच.

“आखाजीले बठ्ठ्या बाया माहेर जायेत,” अक्का म्हणाल्या. “मन्ही माय एकलीच ऱ्हाये. सोताच निंबले झोका बांधे नि बठे. आम्ही हासूत. ती सांगे, बाप जावाना वखतले गाडीवरथून बोलना व्हता... आखाजीले येसू, तुले झोका बांधसू.”

बाप जाताना गाडीवरून म्हणाला होता, आखाजीला येईन, तुला झोका बांधीन. मी लॅबच्या जिन्यात उभी होते. तिथेच बोलता बोलता माझा मेसेज उघडून परत वाचला. झोका मी लिहिला नव्हता. रफिकभाईंना या बाईचं नाव-गाव माहीत नाही, या बाईला रफिकभाई माहीत नाहीत.

“अक्का, ते शेजारचं घर कुणाचं होतं?”

त्यांनी नाव सांगितलं ते माझ्या पणजीचं. तान्ह्या सारजाला दूध तिनेच पाजलं होतं. आणि राघो नात्याने पणजीला जेठ, म्हणजे थोरला दीर लागायचा. जेठाचं नाव त्या काळची बाई मेली तरी घेणार नाही! पणजोबा लवकर वारले, घागर भरायला तीच उरली... आणि म्हणून घागर बिननावाची. पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला वाटत होतं की पणजीला नाव माहीत नाही.

मी नानांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे पाणी पोची ऱ्हायंतं.” पाणी पोचत होतं तर! आणि लहान मुलासारखे हसायला लागले.

बातमी गावात पसरली तसं एकेक घर बोलायला लागलं. राघोबरोबर गेलेले दहाजण तर परत आले होते, म्हणजे ते आपल्याच घरांतले असणार, हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुणाच्या आजोबाने तिकडून बूट आणले आणि शेवटपर्यंत घातले नाहीत, काखेत मारून लग्नाला न्यायचा. कुणी उंटावर बसायला शिकून आला आणि गावात बैलावर तसं बसायला जाऊन पडला. सगळ्यात मजा भिका आबांची. त्यांच्या घराला गाव ‘बसरेवाला’ म्हणून चिडवतं. ते तपासत गेलो तर त्यांचे आजोबा लढाईत इराकमधल्या बसऱ्याला होते!

“एवढी वरीसं तुम्हनी मन्हा बापजाद्याना नाव घिसन मालेच चिडाडं,” आबा चावडीवर सगळ्यांना ऐकवत होते. “आते पहिला मान मन्हा!”

“मान घे,” नाना म्हणाले. “पन पाट बदलाना नही. तो रफिकभाईना शे.”

पुढच्या आखाजीला यमुनाक्का आपल्या आईच्या माहेरी आल्या. नाती, पणतू, गाडीभर माणसं. वेशीवर आईने त्यांचे पाय धुतले आणि लेकीसारखी ओटी भरली. निंबाला झोका नानांनी स्वतः बांधला. अक्का आधी नको नको म्हणाल्या, मग बसल्या, आणि बसल्या त्या दुपारभर उठायचं नाव घेईनात.

रफिकभाई बोलवायच्या आधीच हजर. “नानाजी, माझी सीट पक्की आहे ना?” ते पाटावर बसले तेव्हा ओसरीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती, अख्खं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत. नानांनी घास टाकला, मोठ्याने नाव घेतलं — राघो नथू. रफिकभाई मजेत जेवले, रस मागून घेतला, आणि आमरसाच्या आंब्याची जात सोडून दुसरं काहीही बोलले नाहीत.

त्या एका वाक्याचं काय? मी आजही सांगू शकत नाही. नवऱ्याला विचारलं तर आता तोही कोइन्सिडन्स म्हणत नाही, नुसता खांदे उडवतो. माझ्याकडे मोजायला काही नाही, रेकॉर्डिंग नाही. ऐकणारे आम्ही चौघं, आणि ज्याने म्हटलं त्यालाच आठवत नाही. लॅबमध्ये असा रिपोर्ट आला असता तर मी परत पाठवला असता.

दगड आता नव्या ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीत आहे. अकरापैकी आठ नावं कोरून झाली, राघो नथूचं सगळ्यात वर. तीन जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.