तिसऱ्या माळेच्या चपला

माझ्या उजव्या टाचेवर एक काळा डाग होता आणि त्याची गोष्ट मी दोन वर्षं लोकांना हसत हसत सांगत होते. टाच वर करून पाहुण्यांना दाखवायची आणि आपण त्यांच्या तोंडाकडे बघायचं, हसतात की नाही ते. त्या नादात मी स्वतः त्या डागाकडे एकदाही नीट पाहिलं नाही, हे फार उशिरा लक्षात आलं. गोष्टी सांगायची ही खोड मला लहानपणापासून. घरात कोणाचं बारसं असो की तेरावं, दुपारी चार बायका माझ्याभोवती बसलेल्याच असायच्या.

गोष्ट अशी होती. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचं व्रत मी लग्नानंतर चौथ्या वर्षी धरलं. कशासाठी धरलं ते आता मलाच धड आठवत नाही, पण धरलंय हे मात्र मी अठरा वर्षं कोणालाही विसरू दिलं नाही. आमच्या दारव्ह्यात त्या दिवसांत ऊन चांगलंच तापतं. डांबरी रस्त्यावरून मी बाजारात जायची, बँकेत जायची आणि समोरच्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं नाही, तर हळूच पदर सावरायच्या निमित्ताने लुगडं जरा वर घ्यायची. दसऱ्यापर्यंत टाचांना भेगा पडायच्या. मग सासूबाई सुईला बिब्बा टोचून समईच्या ज्योतीवर तापवायच्या आणि त्याचं तेल भेगेत टेकवायच्या. चर्र व्हायचं, मी ओरडायची, आणि आठ दिवसांत भेग बुजायची. बिब्ब्याचा काळा डाग मागे राहायचा. धोबी कपड्यांवर खुणा करायचे त्या ह्याच बिब्ब्याने. कपडा विरतो, खूण जात नाही.

एका वर्षी एक डाग गेलाच नाही. मी म्हणायला लागले, "देवीनं शिक्का मारला बाई. माल पास." सगळे हसायचे. डाग वाढला तेव्हा म्हटलं, "बढती झाली, मोठा शिक्का दिला."

ही गोष्ट ऐकून न हसलेला पहिला श्रोता म्हणजे यवतमाळचे एक त्वचेचे डॉक्टर. मी माझ्यासाठी गेलेच नव्हते. सासूबाईंच्या हाताला खाज सुटली होती, त्यांना घेऊन गेले होते. त्यांचं तपासून झालं, डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते, तेवढ्यात मी आपली टाच वर केली आणि शिक्क्याची गोष्ट सुरू केली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. भिंग घेऊन ते माझ्या पायापाशी बसले. शेवटचं वाक्य मी तरीही म्हटलंच, "माल पास." ते मान वर न करता म्हणाले, "ताई, हा बिब्बा नाही."

मेलानोमा हा शब्द मी त्या आठवड्यात शिकले. टाचेचा तुकडा काढला, मांडीची कातडी तिथे लावली. बिब्ब्यामुळे असं होत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. बिब्ब्याचा दोष एवढाच, की त्याच्या नावाखाली ते दोन वर्षं लपून राहिलं. पण सासूबाईंच्या डोक्यात ते शिरेना. घरी आल्या दिवशीच त्यांनी डब्यातले बिब्बे उकिरड्यावर नेऊन टाकले.

"म्या लावला नं तो," एवढंच म्हणायच्या. "म्याच चटका देल्ला तुले."

"आई, डॉक्टरनं सांगतलं नं, त्याच्यानं नाही होत."

"डाक्टर काय, माह्या तोंडावर असंच म्हणन."

त्या ऐंशीच्या घरात. तेव्हापासून त्या माझ्या पायाकडे बघेनात. खोलीत आल्या तरी दाराशीच उभ्या राहायच्या, माझी पट्टी दिसली की परत फिरायच्या. ताटात अर्धी भाकर उरायला लागली. मी दिवसभर बडबड करून सगळ्यांना हसवणारी बाई, मला त्यांना हसवता येईना.

आणि रागावले होते मीही, पण कोणावर ते सांगायची सोय नव्हती. देव्हाऱ्यासमोर खुर्चीवर बसून एक दिवस मी देवीला विचारलंच, "एवढं मोठं अंग दिलं होतंस, त्यात तुला हीच जागा सापडली? जी तुझ्यासाठी झिजवली, तीच?" मी दिवा लावणं सोडलं नाही, पण हात जोडणं सोडलं. हे मी कोणाला सांगितलं नाही. आमच्या घरात माझी भक्ती म्हणजे घरावरच्या पत्र्यासारखी, ती हलली असं कळलं असतं तर सगळे घाबरले असते.

भाद्रपदात उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. डॉक्टर म्हणाले, सगळ्या अंगाचा स्कॅन करावा लागेल, कुठवर गेलंय ते कळेल. नागपूरची तारीख मिळाली ती नेमकी नवरात्रातल्या तिसऱ्या माळेची. त्या वर्षी अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या डाव्या पायात चप्पल होती आणि उजव्या पायात पट्टी. म्हणजे अर्धं व्रत चालूच होतं म्हणा. हे मी ह्यांना गाडीत म्हटलं. हे हसले नाहीत, फक्त खिडकीची काच वर केली.

त्या स्कॅनमध्ये आधी शिरेतून एक औषध देतात आणि तासभर एका खुर्चीत पडून राहायला सांगतात. बोलायचं नाही, हलायचं नाही. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, गप्प बसा हं, तोंडाचे स्नायूसुद्धा चालवायचे नाहीत." माझ्या आयुष्यात इतकी कठीण उपासना मला कोणी सांगितली नव्हती. तोंड बंद झालं तसं आतलं सगळं वर आलं. मुलगी पुण्याला सासरी आहे, तिला सातवा महिना होता; डोहाळजेवणाला मी असेन, बाळंतपणाला असेन का? सासूबाई आपल्या आधी मी गेलेली बघतील, आणि बिब्ब्याचं नाव घेत बघतील. देवीला काही मागावं असं वाटलं, पण मागायला आधी बोलावं लागतं, आणि आमचं बोलणं बंद होतं.

स्कॅन झाल्यावर घरच्यांकडे लगेच सोडत नाहीत. औषधातल्या किरणांचा अंश अंगात असतो, म्हणून एका वेगळ्या खोलीत बसवतात. बाकी कोणी आत यायचं नाही. अंगात तेज आलं, पण कोणाला दाखवायची सोय नाही, असा विचार करत मी वॉकरच्या आधाराने आत गेले. तिथे एक म्हातारी बाई आधीच बसली होती. फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरची. आरशांची चोळी, घागरा. दंडापर्यंतच्या बांगड्या, कानातलं, सगळं स्कॅनसाठी उतरवून तिने एका फडक्यात बांधून मांडीवर ठेवलं होतं. हात असे उघडे पडल्याने ती अवघडली होती. हातांवरचं हिरवं गोंदण तेवढं उरलं होतं.

"हे नाही निघत," गोंदणाकडे बोट करून ती मला म्हणाली. "पोरगी म्हने, धातू काढा. मी म्हटलं, हे काढून दाखव."

तासाभराची गप्प बसलेली मी, मला हसू आलं. मग ती माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "पायाले काय झालं वो बाई?"

मी सांगितलं. पण त्या दिवशी शिक्क्याची गोष्ट मजेदार करून सांगता येईना. बिब्बा, सासूबाई, अठरा वर्षं, सगळं तुटक तुटक बाहेर पडलं. शेवटी म्हणाले, "यंदा व्रत मोडलं. चपल घालून बसलो मी."

"किती दिवस राह्यले?"

"आज तिसरी माळ."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "मंग उरलेले मी चालतो तुह्यावाले. माहे पाय चांगले हायेत. पोटच नासलं."

मला वाटलं, थट्टा करते आहे. म्हटलं, "असं कोणाचं व्रत कोणाले देता येते का?"

"काहून नाही येत? घरात एकीले ताप आला तं दुसरी पाणी भरत नाही का?" मग म्हणाली, "याडी काय पाय पाहून राह्यली का, हे कोणाचे न ते कोणाचे?" त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, देवीलाही.

तेवढ्यात तिला हाक आली. ती उठली, फडकं काखेत मारलं, पायातल्या चपला काढल्या आणि पायानेच माझ्या खुर्चीकडे सरकवल्या. मी "अहो, आजी, थांबा" म्हणत वॉकर ओढेपर्यंत ती दाराबाहेर गेली. दाराच्या काचेतून दिसलं ते एवढंच, की कोणीतरी पुतण्या-भाचा तिला धरून नेतोय आणि फरशीवर तिचे काळेभोर पाय सपासप पडताहेत. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. इतकं बोलून नाव न विचारणारी मी!

गाडीत ह्यांनी पिशवीत पाहिलं. "लोकं देवळातून चपला आणतात. तू दवाखान्यातून आणल्या?" खूप दिवसांनी हे थट्टेचं काही बोलले, आणि बोलता बोलता त्यांना रडू आलं. वडगावच्या पुढे गाडी थांबवून आम्ही दोघं चहा प्यायलो. मी जरा लांब बसून, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं.

रिपोर्ट आमच्या डॉक्टरांकडे परस्पर जाणार होता आणि ते दसऱ्यानंतर भेटणार होते. म्हणजे सगळे उरलेले दिवस वाट बघायची. मी ठरवून बसले होते, की ह्या दिवसांत आपलं काही खरं नाही. पण झालं वेगळंच. सकाळी डोळे उघडले की आधी मनात यायचं, आता ती निघाली असेल. तांड्याच्या वाटेवर सराटे असतात, कापूस वेचायला गेली असेल तर पऱ्हाटीची खुटं. डॉक्टरांनी तिला सांगितलं असेल का, तिच्या पोटाचं? तिला चालवतं का? ऊन वाढलं की मी घड्याळाकडे बघायची. गाठीचा, स्कॅनचा विचार यायचा, पण मध्येच तिचे पाय यायचे. पाचव्या माळेला मी देव्हाऱ्यासमोर बसले आणि हात आपोआप जोडले गेले. "तिच्या पायात काटा नको मोडू देऊ," एवढं म्हटलं. किती महिन्यांनी बोलले, आणि ते स्वतःसाठी नव्हतं, म्हणून बहुतेक बोलता आलं.

सासूबाईंना चपलांचं सांगितलं ते भीत भीतच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते बाई कोन तुही?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही, न ते चालते." मग त्यांनी चपला उचलल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, आणि देव्हाऱ्याच्या बाजूला, घटाजवळ भिंतीशी ठेवल्या. मी म्हटलं, "आई, चपला, देवाजवळ?" तर म्हणाल्या, "राहू दे. मले शिकवू नको."

दसऱ्याला आमच्याकडे सोनं देऊन मोठ्यांच्या पाया पडतात. मला वाकता येत नव्हतं. खुर्चीवरून मी आपट्याचं पान पुढे केलं आणि म्हटलं, "आई, यंदा इथूनच." त्यांनी पान घेतलं. मग हळूच, गुडघ्याला हात लावत, त्या माझ्यासमोर खाली बसल्या आणि माझा पट्टीचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी ओढायला लागले. "आई, काय करता, मोठ्या तुम्ही." त्यांनी सोडला नाही. कित्येक महिन्यांनी त्या माझ्या टाचेकडे बघत होत्या. पट्टीवरून हात फिरवला, पट्टीच्या दुमडीत ते पान खोचलं, आणि म्हणाल्या, "दुखते का?" मी म्हटलं, "नाही." दुखत होतं. त्या संध्याकाळी त्या पूर्ण ताट जेवल्या.

चार दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट सांगितला. जांघेतली गाठ त्याचीच, आणि फुफ्फुसात दोन ठिपके. पडद्यावर त्यांनी दाखवले. मला वाटलं होतं काळे असतील. ते उजळ होते, काळोखात कोणी दोन पणत्या ठेवाव्यात तसे. ह्यांनी माझा हात धरला. मी काहीच विनोद केला नाही. बाहेर आल्यावर ह्यांना म्हटलं, "ती चालली असेल हो पूर्ण." हे म्हणाले, "चाललीच असेल."

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध आणि दर तीन महिन्यांनी स्कॅन. नातीचं बारसं झालं, मी होते. ठिपके गेले नाहीत, मोठेही झाले नाहीत. पुढच्या प्रत्येक स्कॅनला पिशवीत फाईल, पाण्याची बाटली आणि त्या चपला घेऊन मी गेले. तिथल्या मुलीला दोनदा विचारलं. ती म्हणाली, "काकू, नाव नसेल तर कसं सांगू?" आणि मग जरा हळू आवाजात, "तशा आजी परत आल्याचं आठवत नाही." त्यानंतर मी विचारलं नाही.

यंदा पहिल्या माळेला मी सवयीने अनवाणीच निघाले होते. टाचेची कातडी अजून नाजूक आहे, डॉक्टरांनी एक पाऊलही अनवाणी टाकू नका म्हणून सांगितलंय. पण मी कुठली ऐकते. सासूबाई मागून आल्या, भिंतीशी ठेवलेल्या त्या चपला आणल्या आणि माझ्या पायापुढे ठेवल्या.

"घाल."

"आई, नवरात्र आहे."

"घाल म्हनतो नं. तुह्यावाले पाय तिनं चालून टाकले."

मला त्या बोटभर मोठ्या होतात. फटक फटक करत मी देवळापर्यंत गेले. व्रताच्या दिवशी चपला वाजवत जाणारी मी, बाजारातल्या दोघीतिघींनी वळून पाहिलं. मी पदर सावरला नाही. पायरीशी चपला काढल्या, चार पायऱ्या सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून चढले आणि देवीसमोर उभी राहिले. अनवाणी येणाऱ्याला देवळात चपलांची काळजी नसते. अठरा वर्षं मी निश्चिंत उभी राहत होते. त्या दिवशी अर्धं लक्ष आत आणि अर्धं बाहेर. मागायचं म्हणून जे ठरवून गेले होते, फुफ्फुसाचं, नातीचं, त्यातलं काहीच आठवेना. "तिच्या त्या, आई," एवढंच तोंडातून आलं. "तूच सांभाळ."

बाहेर आले. चपला होत्या. दोन्ही, सोडल्या तशाच.