नानांची भट्टी

"हात काढ! काढ म्हणतो ना! सोताच्या डब्यातला हात काढ आधी!"

कारखान्यातला माझा पहिला दिवस, पहिली जेवणाची सुट्टी, आणि गेटाबाहेरच्या लिंबाखाली लोखंडी कांबीसारखा एक माणूस माझ्यावर ओरडत उभा होता. तो आवाज चिकलठाण्याहून सुटला तो जालन्याच्या अलीकडे कुठे थांबला नसावा. भाकरीचा तुकडा माझ्या हातातून आपोआप डब्यात परत गेला. म्हटलं, झालं! याला आपलं आडनाव कळलं. आमच्या माणसांना जेवता जेवता हात काढायला सांगतात, तेव्हा कारण बहुधा तेच असतं.

"घरचं अन्न वळखीचं असतं," तो वाकून म्हणाला. "त्याला पाहून पोटातली भट्टी घोरत पडती. दुसऱ्याचं खाल्लं की दचकून उठती. पहिला घास शेजाऱ्याच्या डब्यातला. इथला कायदा हाय ह्यो." आणि त्याने माझ्या डब्यातला आईच्या ठेच्याचा गोळा उचलून तोंडात टाकला. त्याच्या दोन्ही कानांतून धूर निघालेला मी या डोळ्यांनी पाहिला. "लई भारी! ह्याला म्हणत्यात जळण!"

हे नाना. गंगापूरकडचे, बाप जन्मभर मेंढरांमागे फिरलेला. नव्या कारखान्यांनी गावोगावची माणसं ओढली, त्यात नानाही आले आणि आमच्या फोर्जिंग खात्यात भट्टीवर लागले. दिवसभर लोखंड लालबुंद करता करता त्यांना शोध लागला होता, की माणसाच्या पोटातही अशीच भट्टी असते. माणूस रोगाने मरत नाही, ती विझू दिली म्हणून मरतो. डॉक्टर लोकांना हे ठाऊक आहे, पण ते सांगत नाहीत, असंही त्यांचं म्हणणं होतं.

भट्टी पेटती ठेवण्याचे त्यांचे उपाय साधे होते. फक्त ते करून जिवंत राहावं लागे. सकाळी उठल्याबरोबर कढत पाणी, इतकं कढत की आमच्या बॉयलरला न्यूनगंड यावा. "गार पाणी मढ्याच्या तोंडात घालत्यात," नाना म्हणत. मग गुलमंडीवरून आणलेल्या सुंठ-ओव्याची चिमूट. मग चालत कारखाना. कंपनीची बस ते घेतच नसत. उलट बस मागे पडली की वळून ड्रायव्हरला हात करायचे, "ये बाबा, ये सावकाश!" आणि जेवल्यावर बसायचं नाही. "जेवून लवंडला तो अजगर. चला!" की आमचं सगळं खातं लिंबाभोवती प्रदक्षिणा घालू लागे. आमचे सुपरवायझर महिनाभर त्या प्रदक्षिणांत सापडले, तर इतके वाळले की वॉचमनने त्यांना ओळखलंच नाही, गेटावर पास मागितला.

पण सगळ्यांवर कायदा एकच, पहिला घास शेजाऱ्याचा. आमच्याच खात्यातल्या रफिकभाईंच्या डब्यात कुणाचा हात, कुणाच्या डब्यात माझा, आणि नानांचा हात कायम माझ्या डब्यात. मी घरी सांगितल्यावर आई रोज ठेचा जास्त करू लागली. आमच्या आळीत सकाळी मिरच्या भाजल्या की कुत्री गाव सोडून जात. कामावरून परतलो की तिचा पहिला प्रश्न, "आज काय म्हणले नाना?"

एकदा तर ते आमच्या वस्तीत घरी आले. आईने सतरंजी अंथरली, पाट मांडला. नाना उंबऱ्याबाहेरच उभे. भाकरी हातावर घेतली, ठेचा भाकरीवर, आणि गल्लीत येरझाऱ्या घालत जेवले. "माय, बसलं की भट्टी विझती," म्हणाले. आई तोंडाला पदर लावून हसली. "असला पाव्हणा पाहिला नव्हता बाई." मीही हसलो. आळीभर फुशारकी मारली.

ते नामांतराचे दिवस. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून आमच्या वस्तीतून मोर्चे निघत, बदलू नका म्हणून दुसरीकडून. गावाकडच्या जाळपोळीच्या बातम्या आल्या की आईचा ज्वारी निवडता निवडता हात थांबायचा. कारखान्यातही माणसं नावाआधी आडनाव विचारू लागली. पण लिंबाखाली कायदा तोच होता. मी आईला छातीठोक सांगत असे, "नाना आहेत तोवर तिथं कुणाची टाप नाही."

त्यातच नानांच्या मुलीचं लासूर स्टेशनला जमत आलं. एका दुपारी आम्ही डबे उघडतोय तर नाना आमच्याकडे पाठ करून एका उलट्या खोक्यावर बसलेले. बसलेले! रफिकभाई ओरडले, "क्या नाना, आज भट्टी बंद हय क्या?" नाना वळले नाहीत. त्यांच्यापुढे पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ होते, मुलाचे वडील. सोयरीक पक्की करण्याआधी माणूस पाहायला आले होते. माणूस पाहायला म्हणजे, तो कुणासोबत जेवतो हे पाहायला.

"आमच्या कानावर काहीबाही आलं होतं," पाहुणे आमच्याकडे बघत म्हणाले. "ही पोरं रोज इथंच जेवत्यात व्हय?"

"जेवत असत्याल," नाना म्हणाले.

मला वाटलं, थट्टा आहे. एवढा मोठा माणूस नक्की काहीतरी काढणार, पाहुण्यालाही लिंबाभोवती पळवणार. मी हसत उठलो, त्यांच्याजवळ गेलो आणि कायद्याप्रमाणे पहिल्या घासासाठी त्यांच्या डब्याकडे हात नेला. नानांनी झाकण लावलं. जोरात नाही. हळूच, बोटं अडकू नयेत इतपत जपून.

एरवी तुम्हाला सांगितलं असतं, की त्या झाकणाच्या आवाजाने लिंबाचा सगळा पाला गळाला. तसं काही झालं नाही. पाहुणे खुशीत गेले. सोयरीक झाली. आम्ही आपापले डबे उघडले आणि ज्याने त्याने आपल्याच डब्यातलं खाल्लं. प्रदक्षिणेला कुणी उठलं नाही.

घरी जाताना डोळ्यांपुढे आमचा उंबरा आला. पाट मांडलेला, आणि नाना बाहेर येरझाऱ्या घालताहेत. तेव्हा त्यांना खरोखरच भट्टीची काळजी होती की काय, हे मी आजवर ठरवू शकलो नाही. जेवल्या अन्नावरचाही विश्वास असा मागाहून काढून घेता येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आईला यातलं काहीच सांगितलं नाही. फक्त सोयरीक जमल्याचं सांगितलं. तिला केवढा आनंद! दुसऱ्या दिवशी तिने शेंगदाणे घालून, वर तेलाची धार सोडून, वेगळ्या डबीत ठेचा दिला. "पोरीचं जमलं, नानाला माझ्याकडून दे."

सुट्टीत नाना लिंबाच्या पलीकडे एकटेच होते. पाहुणे नव्हते, भावकी नव्हती, ऐकायला कुणीही नव्हतं. मी डबी पुढे केली. "नाना, आईनं दिलाय. पोरीच्या सोयरिकीचा."

नानांनी आपल्या भाकरीचा तुकडा मोडला.

"मला बाहेरचं सोसत नाय," ते म्हणाले.