भरतीच्या वेळचे नमुने

आमच्या विद्यापीठाकडे संशोधनासाठी पैसे सोडून सगळं होतं. समित्या होत्या, उपसमित्या होत्या, प्रस्तावाच्या सात-सात प्रती मागण्याचा उत्साह होता. मी पेणला राहायचो आणि रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. खाडीचं पाणी तपासायचा माझा प्रस्ताव चारदा परत आला, त्यात एकदा समास कमी सोडला म्हणून.

शेवटी विभागप्रमुखांनी दाता गाठला. त्याच खाडीत सांडपाणी सोडणारी कंपनी! तिनं यंत्र दिलं, नारळ फुटला, प्रयोगशाळेच्या दारावर कंपनीचं नाव लागलं. सरांनी कंपनीच्या साहेबांना हमरापूरहून खास रंगवून आणलेला गणपती भेट दिला. माझी पीएच.डी. त्या यंत्रावाचून अडली होती, त्यामुळे टाळ्या वाजवण्यात मीही मागं नव्हतो.

अट एकच होती. नमुने आणायला कंपनीची जीप येणार आणि वेळ कंपनी कळवणार. मला बापड्याला त्यात सोयच दिसली.

काठावरच्या वाडीतली एक मावशी तिथं जाळं टाकायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "सर, हितलं मासं खायाजोगं हाय का नाय, तेवढं सांगा. घरात बारकी पोरं हायत." तिसऱ्या खेपेला तिनं मला हटकलंच.

"तुमी दर टायमाला भरतीलाच कसं येता वो? समिंदराचं पानी भरून नेता नि काय बघता? ओहोटीला या, मंग पायपाचं पानी गावंल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन पदव्या घेऊन मला जे सुचलं नाही, ते कंपनीला मात्र बरोबर सुचलं होतं. पुढच्या रविवारी एसटीनं गेलो, ओहोटीला बाटली भरली. यंत्रानं दाखवलेले आकडे मर्यादेच्या कितीतरी पट होते. ते कागदावर उतरवून विभागप्रमुखांपुढे ठेवले.

सरांनी तो कागद वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाले, "हा नमुना प्रकल्पाच्या वेळापत्रकात बसत नाही." अहवालात पाणी समाधानकारक ठरलं. खाली सही माझी. तिची मला आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात वाडीवर गेलो. मावशीला बाजूला घेऊन म्हणालो, "इथले मासे पोरांना देऊ नका."

"मंग तसं लिवून द्या, सर. हापिसात नेऊन दाखवते. पायप बंद करा म्हनते."

मी म्हणालो, "बघतो."

ती मासळीची पाटी डोक्यावर घेऊन घराकडे गेली. तिच्या चुलीवर दुसरं काही शिजायला नव्हतंच.