कसाईतलं वाळवण

कुठल्याही गावाचा इतिहास तीन फलकांत बसवता येतो, असा आमच्या वस्ती-मंडळाच्या अध्यक्षांचा विश्वास होता. पहिल्या फलकावर चिखल, दुसऱ्यावर स्टेशन आणि तिसऱ्यावर आम्ही.

आम्ही म्हणजे संगणकवाले भारतीय. दोन हजार सालाच्या आगेमागे कंपन्यांनी पुण्या-मुंबईहून इंजिनीअर आणायला सुरुवात केली आणि ते टोकियोच्या निशी-कसाईत राहू लागले. तोझाई मेट्रो लाइननं ऑफिस गाठता यायचं आणि भाडं परवडायचं. इंजिनीअरांबरोबर बायका आल्या. मी त्यातली एक. मराठी घेऊन एम. ए. झालेली, म्हणजे टोकियोच्या दृष्टीनं कोरी पाटी. सासूबाईंनी गावाचं नाव ऐकून 'कुठलं कसाई म्हणालीस?' असं दोनदा विचारलं, आणि मग आपल्या मैत्रिणींना नुसतं 'टोकियो' सांगू लागल्या.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली, जी फक्त महाराष्ट्रातून आलेली बाईच करू शकते. मृगाच्या आत वाळवण उरकायचं हा आईचा नियम मी पासपोर्टाबरोबर आणला होता. जूनच्या सुरुवातीला कॅलेंडर बघितलं, मृगाला अजून अवकाश होता. भारतीय दुकानातून साबुदाणा आणला, पापड्या घातल्या, बाल्कनीत प्लास्टिकवर पसरल्या. टोकियोत मृगाला कोणी विचारत नाही. आभाळ भरलं ते भरलंच. काही दिवसांत पापड्यांवर हिरवी लव उगवली.

शेजारच्या बाल्कनीत आमची घरमालकीण दोरीवरचे कपडे काढत होती. तिला सगळे 'ओओया-सान' म्हणत, म्हणजे घरमालकच. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, आणि जपानी माणूस नम्र असतो या समजुतीला एकटीनं सुरुंग लावणारी.

"जूनमध्ये वाळवतेस? डोकं ठिकाणावर आहे का?"

"आमच्याकडे उन्हाळ्यातच वाळवतात," मी मोडक्यातोडक्या जपानीत म्हटलं.

"तुमच्याकडे वाळव मग. इथं खायचं वाळवायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत. कोरडं ऊन आणि उत्तरेचा वारा. कसाईत हे पोरासोरांना माहीत होतं."

टोकियोचा हिवाळा खणखणीत उन्हाचा असतो, हे मी तोवर लक्षातच घेतलं नव्हतं. जानेवारीत तिनं मला गच्चीची किल्ली दिली. पापड्या दोन दिवसांत कडक वाळल्या. मी तिला तळून दिल्या. "चव नाही, आवाज चांगला आहे," म्हणाली, आणि सगळ्या खाल्ल्या.

त्या गच्चीवर मला कसाईचा इतिहास समजला. तिच्या सासरी पिढ्यानपिढ्या नोरी व्हायची. नोरी म्हणजे ते काळं, कागदासारखं समुद्री शेवाळ, ज्यात भात गुंडाळतात. उथळ समुद्रात जाळी रोवायची, हिवाळ्यात पहाटे गारठलेल्या हातांनी शेवाळ काढायचं, बारीक चिरून पाण्यात कालवायचं आणि वेताच्या छोट्या चटयांवर लाकडी चौकटीतून ओतायचं. चटया पेंढ्याच्या उभ्या तट्ट्यांना टोचून उन्हात धरायच्या. जिकडे बघावं तिकडे काळे चौकोन. पुढे कारखान्यांचं पाणी आलं, मग भराव आला. मच्छीमारांनी समुद्रावरचा हक्क सोडला, भरपाई घेतली. कोणी ती उडवली, कोणी टॅक्सी घेतली. हिच्या नवऱ्यानं ही इमारत बांधली.

"समुद्र दिला आणि हे घेतलं," गच्चीवर टाच आपटून ती म्हणाली. "तुझं भाडं म्हणजे माझी नोरी."

"पण परदेशी लोकांना घर का दिलंत? बाकीचे मालक तर दारातूनच वाटेला लावायचे."

"मसाल्याचा वास येतो म्हणायचे. आम्ही शहरात गेलो की लोक म्हणायचे, शेवाळाचा वास येतो."

त्यानंतरच्या वर्षी मंडळानं फेब्रुवारीत 'आमचं गाव : काल, आज, उद्या' असं प्रदर्शन ठरवलं. अध्यक्ष एका व्यापारी कंपनीतून निवृत्त झालेले, मेट्रो आल्यानंतर इथं राहायला आलेले गृहस्थ. सभेत गेल्यासारखे कपडे घालून दूध आणायला जायचे. बैठकीला मला भारतीयांची प्रतिनिधी म्हणून बोलावलं. तसं मला कोणी निवडून दिलं नव्हतं, पण साडी नेसायला तयार असणं ही पात्रता पुरेशी होती. मी मंडळाच्या अंगणात एक 'भारतीय कोपरा' मांडायचा आणि त्यांनी लिहिलेलं आभाराचं भाषण जपानीत वाचायचं. भाषणाचं पहिलं वाक्य होतं : 'पूर्वी इथं काहीच नव्हतं.'

ओओया-सान मागच्या खुर्चीवरून उठली. "मला अंगणात नोरी वाळवून दाखवायची आहे. तट्टे आहेत माझ्याकडे. शेवाळ खाडीपलीकडचा भाऊ देईल."

"कल्पना उत्तम आहे," अध्यक्ष म्हणाले. जपानमध्ये याचा अर्थ नाही असा होतो. "पण वास येईल. कावळे येतील. शिवाय पहिल्या फलकावर त्या काळाचा फोटो आहेच."

फोटोत मैलोन् मैल चिखल होता आणि त्यात कलंडलेली एक होडी. खाली लिहिलं होतं : ओसाड किनारा.

"ती होडी आमची आहे," ती म्हणाली. "आणि तो चिखल नाही, ओहोटी आहे. फोटोवाल्याला भरतीपर्यंत थांबायला सवड नव्हती, त्याला मी काय करू?"

लोक हसले. अध्यक्षही हसले आणि पुढचा विषय घेतला.

घरी येताना ती माझ्याबरोबर चालत होती. इमारतीच्या दाराशी म्हणाली, "मी गेल्यावर तो फलक राहील. इथं काहीच नव्हतं, असं तो सांगत राहील. आणि तू ते साडी नेसून मोठ्यानं वाचणार."

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, एक वाक्य आहे, वाचून टाक ना. अध्यक्षांचा जावई आमच्या क्लायंटकडे आहे."

"मग जावयाला नेसव साडी."

"तुला प्रत्येक गोष्टीत लढाई दिसते."

"लढाई नाही. आपलं गाव काहीच नव्हतं असं तुझ्या आजोबांना कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी चहा दिला असता का?"

तो लॅपटॉपकडे वळला. म्हणजे नसता दिला.

आता भारतीय कोपऱ्यात काय मांडायचं, हे माझ्यावर सोपवलेलं होतं. ताजमहाल असावा, एवढीच सूचना होती. मी ताजमहालाचं एक पोस्टकार्ड लावलं. त्याच्या बाजूला ओओया-सानचे पेंढ्याचे तट्टे उभे केले. पुढच्या टेबलावर प्लास्टिकवर माझ्या साबुदाण्याच्या पापड्या, तट्ट्यांवर तिची नोरी. तिनं माझ्याकडून टिकली मागून घेतली आणि कपाळाच्या जरा डावीकडे लावली.

अध्यक्ष आले. त्यांनी तट्ट्यांकडे बघितलं, मग टिकलीकडे.

"हे... भारतीय आहे?"

"हो. याला वाळवण म्हणतात. आमच्याकडे घरोघरी करतात."

"आणि ते काळं?"

"तेही वाळवणच."

"आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण," ओओया-सान म्हणाली. हा शब्द अध्यक्षांच्याच पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेला होता. तेवढ्यात नगर कार्यालयाचे पाहुणे कॅमेरा घेऊन आले, आणि अध्यक्षांना तट्ट्यांशेजारी उभं राहून हसावं लागलं.

हळूहळू टोप्या घातलेले म्हातारे, एकेकाळचे इथले मच्छीमार, जमू लागले. एकानं चटईला बोट लावलं. "जाड ओतलीस."

"तुझ्या आईपेक्षा पातळ आहे."

"आईला नावं ठेवू नकोस."

"तिनंच मला शिकवलं. तुला शिकवायला गेली, तर तू झोपायचास."

कावळे आले, अध्यक्षांचं तेवढं खरं झालं. त्यांनी नोरीला चोच लावली नाही, माझ्या पापड्या नेल्या. दुपारी ऊन चढलं आणि तट्ट्यांतून बारीक कडकड ऐकू येऊ लागली. वाळलेली नोरी चटई सोडते तेव्हा असा आवाज होतो. म्हातारे तट्ट्यांच्या जवळ सरकले. कितीतरी वर्षांनी ते तो आवाज उघड्यावर ऐकत होते. ओओया-साननं टिकली काढून माझ्या हातात दिली. "आता गरज नाही," म्हणाली.

माझं भाषण शेवटी होतं. ती पहिल्या रांगेत बसली होती, हात मांडीवर, चेहरा भाडं थकल्यासारखा. मी कागद उलगडला आणि वाचलं, "पूर्वी इथं समुद्र होता."

अध्यक्षांनी आपल्या हातातली प्रत बघितली. पुढचं सगळं मी जसंच्या तसं वाचलं, स्टेशन, विकास, आभार, सगळं. टोप्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याही पहिल्याच वाक्यानंतर, त्यामुळे बाकीचं कोणाला ऐकू आलं नसावं.

नंतर अध्यक्ष अदबीनं जवळ आले. "सुंदर वाचलंत. फक्त सुरुवातीला एक छोटीशी चूक झाली."

"माफ करा," मी तितक्याच अदबीनं वाकून म्हटलं, "माझं जपानी अजून कच्चं आहे."

फलक पुढच्या वर्षीही तेच लागले, तीच होडी, तीच ओहोटी. भाषणही तेच माझ्याकडे आलं, कारण साडी अजून मीच नेसत होते. माझं जपानी तोपर्यंत बरंच सुधारलं होतं. पहिलं वाक्य मात्र कच्चंच राहिलं.