बहात्तरात तगलेली झाडं

नळदुर्गच्या अलीकडं, सोलापूर-हैदराबाद सडकेला लागून, सहकारी तेलगिरणी उभी राहिली ती शहात्तर साली. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून करडईचं तेल गाळायला उभी केलेली गिरणी. जागा साडेतीन एकर, पण सगळी मुरमाड. टिकाव मारला तर ठिणगी उडावी अशी. मॅनेजर म्हणून वसंतराव आले. तुळजापूरच्या शिक्षकाच्या घरातला हा माणूस सज्जन होता, फक्त फुलझाडांचं वेड भारी. त्यांनी पुण्याहून दीडशे गुलाब मागवले, ऑफिसपुढं हिरवळ लावली, फाटकापासून आतपर्यंत अशोकाची रांग धरली आणि या सगळ्याला पाणी घालायला भिमाबाईला रोजंदारीवर ठेवलं.

भिमाबाई जवळच्याच वस्तीतली, बौद्ध घरातली. तिशी ओलांडलेली, हाडापेरानं उंच, बोलणं मोजकं. नवरा श्रीपती गिरणीतच हमाल होता आणि एकुलती एक लेक चांगुणा शाळेत जात होती. ट्रकमधून गुलाब उतरवताना भिमाबाईनं एका रोपाचं पान बोटांत धरून पाहिलं. पातळ, लुसलुशीत. हे काय चैत काढत न्हाई, असं तिच्या मनात आलं. पण तिला विचारलं कुणी नव्हतं, आणि न विचारता सांगायची तिची रीत नव्हती.

गिरणीला आठवड्याला एक टँकर यायचा. तो सिमेंटच्या हौदात रिकामा व्हायचा आणि हौदाला कुलूप असायचं. चौकीदार कुलूप काढून द्यायचा आणि भिमाबाई घागरींनी पाणी वाहायची. माघात गुलाबाला चार फुलं आली. वसंतरावांनी ती ऑफिसात ग्लासात ठेवली. फाल्गुनात पानांच्या कडा करपल्या. चैत्र लागला तेव्हा दीडशे गुलाबांच्या दीडशे काड्या झाल्या होत्या, हिरवळ चटईसारखी वाळली होती आणि अशोक बुडापासून काळे पडले होते.

गिरणीचे चेअरमन आबाराव एकदा जीपमधून उतरले ते थेट त्या काड्यांपाशी आले.

"काय गं, रोज पाणी घालत होतीस ना?"

"व्हय आबा."

"मग झाड जळलं कसं? पाणी गेलं कुठं? वस्तीत तर न्हाई ना गेलं?"

चारचौघांत, हमालांच्या, गाडीवानांच्या देखत हे बोलणं झालं. वसंतराव बाजूलाच उभे होते, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. भिमाबाईनं त्या काड्यांकडं बोट केलं.

"आबा, म्या रोज चाळीस घागरी वाहिल्या ह्या झाडास्नी. एक बी घरी नेली न्हाई. नेली असती, तर निदान कुनाची तहान तरी भागली असती."

एवढं बोलून तिनं हातातली घागर हौदाच्या कडेला ठेवली आणि फाटकाबाहेर पडली.

संध्याकाळी श्रीपती घाबराघुबरा होऊन घरी आला. "उगंच बोललीस. आता मला बी काढून टाकतील."

"टाकू द्या. बायकुनं पानी चोरलं असं ऐकून घेऊन मिळालेली भाकर ग्वाड लागंल व्हय तुमास्नी?"

श्रीपती दुसऱ्या दिवशी कामावर गेला. त्याला काही काढलं नाही. पण दोन आठवड्यांनी, भर वैशाखात, वसंतराव स्वतः चालत वस्तीत आले. त्यांना त्या दिवशीचं आपलं गप्प बसणं टोचत होतं. भिमाबाईच्या दारात आले आणि बघतच राहिले.

सगळं माळरान भाजून निघालेलं, आणि या अंगणात सावली होती. कुडाच्या घरापुढं शेवगा, त्याच्या पलीकडं कोवळ्या पानांनी भरलेला कडुनिंब. कुंपणाला निर्गुडी आणि अडुळसा. फुटक्या रांजणात कोरफड. एका कोपऱ्यात तरवडाचं झुडूप, पिवळ्याधमक फुलांनी लगडलेलं.

"याला पाणी कुठलं घालता?" त्यांनी विचारलं.

"भांडी विसळल्यालं. ते बी शेवग्याला. बाकीच्यास्नी न्हाई घालत."

"मग जगतात कशी?"

"ती जगतात म्हनून तर लावलीत, साहेब. जी जगत न्हाईत ती कशाला लावायची?"

वसंतराव बाजेवर टेकले. चांगुणानं तांब्याभर पाणी आणून दिलं, ते त्यांनी सगळं पिऊन टाकलं. मग म्हणाले, "भिमाबाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. चुकलो. तुम्ही परत या. आणि हे तुम्हांला कुणी शिकवलं ते सांगा."

"शेळ्यांनी," भिमाबाई म्हणाली. ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत, म्हणून तिनं पुढचं सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात ती सडकेच्या कामावर खडी फोडत होती. घरी चार शेळ्या होत्या. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बाया कामावर मिळणारी सुकडी खाऊन पदर तोंडावर घेऊन पडायच्या, ही शेळ्या घेऊन डोंगर धुंडाळायची. आधी गवत संपलं, मग बोरीचा पाला, मग हिवराचा. एकेका हिरव्या पानासाठी कोसभर चालावं लागलं. त्या एका सालात कुठल्या महिन्यात कुठलं झाड हिरवं राहतं, कशाला शेळी तोंड लावते, कशाला नुसता वास घेऊन मागं सरते, हे तिला पाठ झालं. चारही शेळ्या एकामागं एक गेल्या. शेवटची तर तिच्या मांडीवरच गेली.

"त्या गेल्या, पर वळख ठिवून गेल्या," ती म्हणाली.

परत यायला ती तयार झाली, पण दोन अटी घातल्या. एक, कुठं काय लावायचं ते ती ठरवणार. दुसरी सांगताना तिनं वसंतरावांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"हौदाची किल्ली माझ्याजवळ पायजे."

आबारावांना हे रुचलं नाही. "जिच्यावर संशय, तिच्याच हाती किल्ली?" ते म्हणाले. वसंतराव या वेळी मात्र गप्प बसले नाहीत. "संशय तुमचा होता आबासाहेब, माझा नव्हता. किल्ली माझ्या जबाबदारीवर देतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर किल्ली भिमाबाईच्या हातात ठेवली, आणि हजेरीपटावर 'पाणी वाहणारी बाई' होतं तिथं 'माळी' असं लिहिलं. तिनं ती किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली.

पावसाला दीड महिना होता. तेवढ्यात दोघांनी बोरी नदीचा काठ, किल्ल्यामागचा माळ, जुन्या खाणी पालथ्या घातल्या. पुढं भिमाबाई, मागं छत्री आणि वही घेऊन वसंतराव. ती पान चुरगळून त्यांच्या हातावर ठेवायची. "ह्याला लव हाय बघा, ऊन आत शिरू देत न्हाई. हे जाड, पोटात पानी धरतं. हे बारीक, उन्हाला जागाच सापडत न्हाई." बी घेताना मात्र ती फार चिकित्सक. खाणीच्या कडेला दोन कडुनिंब होते. एक डेरेदार, एक वाकडातिकडा. वसंतराव डेरेदार झाडाखालच्या निंबोळ्या वेचायला वाकले.

"ते नका घेऊ. ते नाल्याच्या पान्यावर पोसलंय. हे वाकडं बघा, बहात्तरात ह्याच्या बुडाला थेंब नव्हता. म्या बघितलंय, तरी पालवलं. बी ह्याचं घ्या."

कण्हेरीवरून आबारावांशी पुन्हा खटका उडाला. त्यांना फाटकापाशी दुतर्फा लाल कण्हेर हवी होती. सोलापुरात कुठंतरी त्यांनी तशी पाहिली होती.

"फाटकापाशी न्हाई जमायची," भिमाबाई म्हणाली.

"का? तुझीच झाडं ना ती, बिनपाण्याची?"

"कन्हेर तगंल आबा. बैल तगायचे न्हाईत. करडईच्या गाड्या दिसदिसभर तिथं उभ्या असत्यात. उपाशी बैलानं चार पानं वरबाडली, तर घरी जायचा न्हाई. कन्हेर लावू, पर आत, तारंच्या पल्याड."

आबाराव स्वतः बैलांचे मालक. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि विषय तिथंच सोडला. फाटकापाशी कडुनिंब आणि करंज लागले, गाड्यांना सावली धरायला. कण्हेर ऑफिसामागं तारेत गेली. कुंपणाला घायपात, भिंतीवर बोगनवेल, उतारावर तरवड आणि सीताफळ, ऑफिसपुढं पांढरा चाफा.

पहिला पाऊस नीट मुरल्यावर लावणी झाली. खड्डे तिनं कमरेइतके खोल घेतले आणि रोपं मात्र वीतभरच लावली. "मोठ्या रोपाची मुळं पिशवीत गुंडाळल्याली असत्यात. ल्हान असंल तर खाली जायाची सवय लागती." प्रत्येक झाडाशेजारी एक मातीचं मडकं गाडलं, बुडाला बारीक भोक, भोकात चिंधीची वात. मडकं आठवड्यातून एकदा भरायचं. भोवती दगड रचले, ओल उडू नये म्हणून.

सगळंच साधलं असं नाही. तिनं बहाव्याची चाळीस रोपं केली होती, त्यातली सहा जगली. ऑफिसच्या दक्षिण भिंतीला लावलेला अडुळसा भिंतीच्या झळीनं दोनदा वाळला. तिथं शेवटी कोरफडच लावावी लागली.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं तरवडाचं पाणी पार तोडलं. वसंतराव मागं लागले. "अहो, थोडं तरी घाला."

"लेकराचं दूध कवातरी तोडावंच लागतं, साहेब. रडंल चार दिवस."

आठ दिवसांनी ऑफिसजवळची तीन तरवडं पिवळी पडली. भिमाबाईनं बुडाची माती उकरली, तर माती चिखलासारखी ओली, मुळं कुजलेली. शेजारी चपलेचे ठसे होते. ती तशीच मातीच्या हातांनी ऑफिसात गेली.

"साहेब, सकाळच्या पारी तरवडाला पानी कोन घालतंय?"

वसंतराव फायलीत डोकं घालून म्हणाले, "कोण घालणार? किल्ली तर तुमच्याकडं."

"तुमच्या आंगोळीच्या पान्याला किल्ली लागत न्हाई. अन् ह्या चपला गावात दुसऱ्या कुनाच्या न्हाईत."

ऑफिसातले कारकून खाली माना घालून हसू दाबत होते. वसंतराव लाजले, मग स्वतःच मोठ्यानं हसले. "ती रडत होती हो, भिमाबाई. मला बघवेना."

"ती रडत न्हवती, तुमीच रडत होता," ती म्हणाली, आणि तिलाही हसू आलं.

झाडं वाढली. शहाऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत फाटकापाशी कडुनिंबांचा मांडव झाला होता. त्याआधीची दोन सालं पावसानं हात आखडता घेतलेला. करडई आली नाही, गिरणी बंदच होती. टँकर माणसांनाच पुरत नव्हता, म्हणून झाडांचं पाणी भिमाबाईनं आपणहून थांबवलं. पांढऱ्या चाफ्यानं पानं टाकली आणि नुसत्या फांद्यांवर फुलं धरली. कडुनिंब हलला नाही. सडकेच्या कामावरच्या बाया दुपारी लेकरं घेऊन त्या सावलीत यायच्या. कुणी त्यांना हटकायचं नाही.

त्याच दिवसांत आबाराव एकदा जीप न आणता चालत आले. थकले होते. कडुनिंबाखाली उभे राहिले, वर बघितलं, टोपी काढून घाम पुसला.

"भिमाबाई, आमच्या गावच्या शाळेपुढं एक झाड न्हाई. पोरं उन्हात उभी ऱ्हातात. तुम्ही रोपं द्याल का थोडी?"

दहा वर्षांत ते पहिल्यांदा तिला 'तुम्ही' म्हणाले होते. तिनं ते ऐकलं आणि मनात तसंच ठेवून दिलं.

"देते की. पर आता न्हाई. मिरग बरसू द्या. अन् खड्डे पोरांकडनं न्हाई, तुमच्या गड्यांकडनं घ्या, कमरंइतके."

त्या पावसात तिनं तीस रोपं दिली. लावायला स्वतः गेली.

एव्हाना चांगुणाचं लग्न झालं होतं. जावई अंबादास शाळेत शिपाई. त्यांचं गाव निम्न तेरणा धरणाच्या पाण्यात गेलं आणि माकणीकडच्या उघड्या माळावर नवं गावठाण आखून मिळालं. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, चुन्याच्या फक्क्या आणि डोळ्याला टेकायला एक झुडूप नाही. भिमाबाई लेकीचं घर बघायला गेली, तेव्हा शेजारची म्हातारी सरुबाई दगडावर बसून पाण्याच्या दिशेनं बघत होती.

"घर गेलं त्याचं काय न्हाई वो," ती म्हणाली. "दारातली चिंच गेली. सासूच्या सासूनं लावल्याली. बुडताना शेंडा आठ दिस वर दिसत होता."

भिमाबाई तिच्याशेजारी बसली. मग तिनं विचारलं, "त्या चिंचंची जुनी चिंच असंल की घरात? मीठ लावून ठिवल्याली?"

"हाय की. गाडगंभर हाय."

"आना बरं."

गाडग्यातली चिंच काळी पडली होती, पण चिंचोके काही काढलेले नव्हते. दोघींनी बोटांनी ते सोडवले, मीठ धुऊन टाकलं. मीठ लागलेलं बी रुजेल की नाही, याची भिमाबाईला खात्री नव्हती, आणि तिनं ते सरुबाईला सांगितलंही. "अकरा हायत. येक जरी आलं तरी लई." कोमट पाण्यात दोन रात्री भिजवून तिनं ते पिशव्यांत लावले, वारा कुठून येतो ते बघून प्लॉटच्या कोपऱ्यात खड्डा आखून दिला आणि नळदुर्गला परतली.

महिनाभरानं चांगुणाचं कार्ड आलं. तीन उगवले होते. त्यातला एक कोंबड्यानं खाल्ला. दोन चांगले चार-चार पानांचे झालेत, आणि सरुबाई दिवसभर काठी घेऊन त्यांच्यापाशी बसते, जेवायलासुद्धा उठत नाही, असं तिनं लिहिलं होतं.

भिमाबाईनं श्रीपतीकडून कार्ड दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "लिवा तिला. म्हातारीला म्हनावं, झाडाला राखन लागती, पर जेवून घे. चिंचंला सावली धरायला धा-बारा सालं लागत्यात."