कचेरीसमोर उगवलेली म्हातारी

पोलीस ॲक्शन होऊन संस्थान विलीन झालं, त्यानंतर काही महिन्यांनी अण्णांच्या कचेरीत हुकूम आला, की यापुढे कारभार इंग्रजीत चालेल. अण्णा, म्हणजे माझे वडील, महसूल खात्यात अहलकार होते. कारकूनच म्हणा, पण एकतीस वर्षं उर्दूत मिसली, म्हणजे प्रकरणांचे कागद, लिहून त्यांचा हात असा बसला होता की मोठे साहेबसुद्धा मसुदा त्यांच्याकडेच पाठवत. आता ते बावन्न वर्षांचे होते आणि वर्षभरात खात्याची इंग्रजीची परीक्षा पास व्हायची होती. नाही झालं तर मुदतीआधी घरी.

घरात इंग्रजी येणारी मी एकटी. मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवत होते. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, त्यामुळे स्वयंपाक माझाच. शाळेतून घरी गौलीगुड्याला चालत यायचं, चूल पेटवायची, आणि सहाच्या सुमाराला अण्णा आले की पुस्तक उघडायचं. त्यांच्याबरोबर चाचा यायचे. हे त्यांच्याच कचेरीतले, त्यांच्याच वयाचे, अफझलगंजला राहणारे. दोघं एकाच महिन्यात नोकरीला लागलेले. चाचांनाही तीच परीक्षा होती. चाळीस मुली सांभाळून आल्यावर पुढ्यात हे दोन पांढऱ्या मिशांचे विद्यार्थी. खरं सांगते, मला त्या वेळची मुख्य आठवण आहे ती पायांच्या दुखण्याची.

काळ, वचन, हे सगळं त्यांनी पटापट उचललं. अडले ते एका धड्याशी. एखादी गोष्ट नव्यानं होते, दिसू लागते, समोर येते, त्यासाठी इंग्रजीत किती क्रियापदं! अराइज, अकर, अपिअर, इमर्ज. पुस्तकात एकाखाली एक छापलेली, आणि प्रत्येकापुढे जवळपास तोच अर्थ.

"एकच अर्थ असेल तर चार शब्द कशाला?" अण्णा म्हणाले. "उर्दूत बघ. वारस पैदा होतो, घटना वाके होते, मजकूर जाहिर होतो, आणि माणूस कचेरीत येतो तेव्हा हाजिर होतो. आपल्या मराठीत धान्य उगवतं, रोग उद्भवतो. एकाच्या जागी दुसरा ठेवून चालेल का?"

"इंग्रजीतही नाही चालत, अण्णा."

"मग इथं कुणी काय व्हायचं, ते सांग."

मी ते शब्द शाळेत पाठ केले होते, कुणी समजावले नव्हते. चाचा पुस्तकाच्या समासात उर्दूत बारीक अक्षरात टिपून घेत होते. त्यांनी विचारलं, "बेटी, ये 'इमर्ज' क्या हुआ?" तव्यावरची भाकरी जळायला लागली होती. मी उठता उठता म्हणाले, "समोर येणं. सामने आना." आणि आत गेले. परत आले तेव्हा दोघं पुढच्या पानावर होते. मीही मागं वळले नाही.

पंधरा दिवसांनी अण्णा कचेरीतून आले ते टोपीसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहिले. चाचा सोबत नव्हते. मी पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी सांगितलं.

जमिनीच्या वारसाहक्काचं प्रकरण होतं. एक म्हातारी खेड्यातून येऊन स्वतः कचेरीत हजर झाली होती, तिचा जबाब झाला होता. अण्णांनी पहिल्यांदाच आपल्या हिमतीवर इंग्रजीत मसुदा केला: 'ॲन ओल्ड वुमन इमर्ज्ड बिफोर धिस ऑफिस.' नवे साहेब मद्रासकडचे. त्यांनी ते वाक्य सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "कुठून वर आली ही म्हातारी? विहिरीतून?" सगळी कचेरी हसली. अर्ध्यांना कळलंही नसेल, तरी हसली.

"साहेबांनी विचारलं, हा मसुदा कुणाचा," अण्णा म्हणाले. "मी उठेपर्यंत हा उठला. म्हणाला, माझा."

"चाचा?"

"हौ. साहेबांनी त्याच्या नोकरीच्या कागदावर वाईट शेरा मारला. आणि मी तसाच बसून राहिलो."

मी स्वयंपाकघरात गेले. तिथं 'अपिअर्ड' हवं होतं; 'इमर्ज' हा शब्द त्यांना मी दिला होता. भाकरी उलटायच्या घाईत दिला होता. हे त्याच वेळी बाहेर येऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि नंतर कधीच नाही. थकलेल्या माणसाला गप्प राहणं फार सोपं जातं.

तीन दिवस पुस्तक उघडलं नाही. चाचा एकदा येऊन गेले, चहा घेतला. अण्णांनी विषय काढला तर म्हणाले, "छोडो जी. मेरे को कौनसी बढती मिलनेवाली थी?"

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा आंघोळ करून आले आणि म्हणाले, "मला चार वाक्यं लिहून दे. अगदी साधी. अवघड क्रियापद एकही नको."

मी लिहून दिली. मसुदा माझा होता. माझ्या मित्रानं तो लिहिला नव्हता. तो माझ्यासाठी वाईट वाटून उभा राहिला. मी शिकतो आहे. तेवढंच, इंग्रजीत. जेवताना ते ती वाक्यं पुटपुटत होते. जिन्यावरूनही त्यांचा आवाज येत होता.

संध्याकाळी दोघं बरोबर आले. चाचा चिडले होते. "तुम्हारे अब्बा को समझाओ," मला म्हणाले, "पचास के पार हो गए, अक्कल नहीं आई." पण बोलता बोलता त्यांनी तोंड खिडकीकडे केलं.

अण्णांनी सांगितलं की साहेबांनी चारही वाक्यं ऐकून घेतली. मग समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. एकतीस वर्षांत कुठल्या साहेबानं त्यांना बसायला सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांना आधी कळलंच नाही. बसल्यावर साहेब कागदांवर सह्या करत राहिले. थोड्या वेळानं अण्णा उठून आले. शेरा खोडला की तसाच राहिला, ते दोघांनाही कधी समजलं नाही.

परीक्षेला दोघं बसले. चाचा पास झाले. अण्णा थोडक्या मार्कांनी नापास झाले. पुन्हा बसायची मुभा होती, मी फॉर्मही आणला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाई, आता नको. तूही दमलीस, मीही दमलो." मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

त्यांना घरी बसवलं नाही. जुन्या उर्दू मिसली वाचून दाखवायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात पाठवलं. तिथं तीन वर्षं धुळीत बसून ते नव्या लोकांना जुनी पानं वाचून दाखवत. चाचा वरच्या मजल्यावर इंग्रजीत लिहीत. दुपारचा डबा दोघं दप्तरखान्यात खात.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी अण्णा दुपारीच घरी आले. गळ्यात हार होता, तो त्यांनी खुंटीला लावला. शेजारच्यांनी नंतर सांगितलं, सतरंजीवर आडवे झाले आणि काही मिनिटांत घोरायला लागले. मी शाळेतून आले तेव्हाही झोपलेलेच होते, तोंड किंचित उघडं, चष्मा छातीवर. दिवेलागण झाली, शेजारच्यांनी हाक मारली, तरी घोरणं थांबलं नाही. मी आवाज न करता कणीक भिजवली आणि त्यांना तसंच झोपू दिलं.